बैठक

शून्य ते दहा, नर्स म्हणते, आकडा सांगा.
मी विचारतो, केव्हाचा?
खुर्चीतून उठतानाचा, पहिल्या चार पावलांचा,
की त्यानंतर जरा उतरतो तेव्हाचा?
जिन्यावरचा मी धरतच नाही,
तो फक्त कठड्याला माहीत.
ती म्हणते, सरासरी सांगा, सेन्योर बेलमिरू.

सरासरी कधी दुखलंच नाही मला.
मी सहा म्हणतो. ती सहा लिहिते.

मागच्या खेपेलाही सहाच होतं.
तेव्हा दुसरे डॉक्टर होते, तरुण, उंच,
एक्सरे उजेडासमोर धरून म्हणाले, गुडघा सुंदर बसलाय.
सुंदर.
नव्या जावयाबद्दल बोलावं तसं.
मग दुखतो कसा? तर म्हणाले, वेळ द्या.
दोन वर्षं दिली.
(दिओलिंदा म्हणते, उधार कुणाला दमडी देत नाहीस,
आणि यांना दोन वर्षं.)

एकेचाळीस वर्षं मी सेतुबलच्या रस्त्यांवर दगड बसवले.
पांढरी चुनखडी, काळा बेसाल्ट,
तळहातात मावेल एवढा एकेक तुकडा,
हातोडीनं कोपरा उडवायचा, वाळूत दाबायचा,
शेजारच्याला टेकवायचा.
लाटा काढल्या, मासे काढले,
एकदा बँकेसमोर नांगर काढला तो उलटा आला,
अजून कुणाच्या लक्षात नाही.
गुडघे तिथेच गेले. तक्रार नाही,
मजुरीत ते धरलेलेच होते.

या बाई निराळ्या. डॉक्टर कितेरिया.
एक्सरे बघायच्या आधी गुडघ्याला हात लावला.
मग कंबर चाचपली, मांडी खुब्यात फिरवून पाहिली,
म्हणाल्या, पुष्कळदा चोर वरच्या मजल्यावर राहतो.
नव्हता.
सुईनं पाणी काढलं, दोन आठवडे ठेवलं,
त्यात काही उगवलं नाही.
रक्तातही काही सापडलं नाही.
एकेक दार वाजवत त्या माझ्या घरात हिंडत होत्या
आणि मी बाहेर बसलो होतो, एका पायात मोजा घालून.

शेवटी जुना एक्सरे आणि नवा, शेजारी शेजारी.
नडगीच्या हाडावर बसवलेल्या धातूखाली
केसाएवढी काळी रेघ.
जुन्यात ती नव्हती. किंवा कुणी शोधली नव्हती.
त्या बोलायला लागल्या, मी म्हटलं,
राहू द्या, कळलं.

ही रेघ मी जन्मभर पाहत आलो.
दगडाला काही होत नाही, दगड शाबूत असतो.
खालून पाणी फिरतं, वाळू निघून जाते.
वर नक्षी तशीच, लोक येतात, फोटो काढतात,
आणि कुणी म्हातारी पाय टाकते तेव्हा
खालून पोकळ वाजतं.
आम्ही म्हणायचो, याची बैठक गेली.
पहिल्या भाराला डुगडुगतो, मग वजनाखाली गप्प बसतो.
हेच तर सांगत होतो मी, दोन वर्षं.
रस्त्याबद्दल सांगितलं असतं
तर मला स्वतःलाच ओळखू आलं असतं.

मग दुसऱ्या ऑपरेशनचं बोलल्या.
पहिलं काढताना थोडं हाड सोबत येणार,
आत लांब दांडा घालावा लागणार,
दुखणं जाईलच असं नाही.
आकडेही सांगितले. मी ऐकले नाहीत.
मी विचारलं, चूक कुणाची?
बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या,
कधी कधी कुणीच चुकलेलं नसतं, तरी सैल होतं.
हे वाक्य मी नगरपालिकेला ऐकवलंय.
निम्म्या वेळा खोटं होतं.

सही केलेली नाही. कागद खिशात आहे.
हॉस्पिटलच्या दारात नुसतं काँक्रीट,
सलग, करडं, कुणाच्याच हातचं नाही.
पहिलं पाऊल. दुसरं. तिसरं.
चौथ्याला तो गप्प झाला.
दिओलिंदानं विचारलं, काय म्हणाल्या?
म्हटलं, सहा नाही.
आधी नऊ, मग तीन.
नर्सला खोडून लिहायला सांगायचं राहिलं.